नावापुढचा क्रमांक : संगणकातील खातेदार आणि मालकी यांचा इतिहास

सातबाऱ्याचा उतारा म्हणजे काय हे ठाऊक नसलेले घर अकोले तालुक्यात शोधूनही सापडायचे नाही. पीककर्ज काढायचे असो, भावाभावांत वाटणी करायची असो, की मुलीच्या शिक्षणासाठी बँकेची पायरी चढायची असो, आधी उतारा हवा. रान आजोबांनी कसले, वडिलांनी राखले, बांधावरचा आंबा कोणी लावला हे साऱ्या गावाला माहीत असते. तथापि कचेरीत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘गट नंबर काय? खाते नंबर काय?’ गावाला माणूस ओळखू येतो, दफ्तराला क्रमांक ओळखू येतो. ह्या दोहोंचा मेळ जिथे नीट बसतो तिथे मालकी सुरक्षित असते, आणि जिथे तो बिघडतो तिथे पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात.

आपल्या मुलामुलींपैकी पुष्कळजण आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत. त्यांच्या अभ्यासात ‘युजर अकाउंट’ आणि ‘फाईल ओनरशिप’ असे दोन कोरडे शब्द येतात. खातेदार आणि मालकी असे त्यांचे सरळ मराठी केले, की हा विषय परका राहत नाही. विशेषतः लिनक्स ह्या प्रणालीत शेकडो संगणक माणसाचा हात न लागता आपोआप उभे केले जातात, तेव्हा खाते कोणाचे आणि फाईल कोणाच्या मालकीची हा प्रश्न फारच महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा थोडा इतिहास सांगण्याचा विचार आहे.

आपल्या मुलखातील नोंदींची परंपरा

अहमदनगरच्या निजामशाहीची स्थापना १४९० साली झाली. ह्या राज्याचा अखेरच्या काळातील कर्तबगार वजीर मलिक अंबर गनिमी काव्याच्या युद्धाबद्दल सर्वांना माहीत आहे. परंतु १६२६ साली तो मरण पावल्यानंतरही दीर्घकाळ त्याचे नाव निघत राहिले ते त्याने बसविलेल्या जमीनमहसुलाच्या पद्धतीमुळे. जमिनीची पाहणी करावयाची, तिची प्रत ठरवावयाची आणि त्यावरून सारा बांधावयाचा ही त्या पद्धतीची दिशा होती. तलवारीने मुलूख मिळतो, पण टिकतो तो दफ्तराने, हे त्याने ओळखले होते. दफ्तर, हक्क, मालक, तालुका, जिल्हा हे आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द फारसी-अरबीतून मराठीत येऊन इतके रुळले, की ते कोणी पाहुणे मानीत नाही.

दफ्तराची दुसरी बाजूही ह्याच तालुक्याने पाहिली आहे. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे ह्यांनी इंग्रज सत्ता आणि सावकारशाही ह्यांच्याविरुद्ध बंड केले व त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. पुढे १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे जे दंगे झाले, त्यांत सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या हुडकून जाळण्यात आल्या. लोकांचा राग कागदावर का निघाला, ह्याचा विचार विद्यार्थ्यांनी जरूर करावा. वहीत काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याचे रान केव्हा दुसऱ्याच्या नावावर जाईल ह्याचा नेम नसतो.

इंग्रजी अमलात १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट ह्यांची जमीन पाहणी सुरू झाली आणि प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर मिळाला. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीचे पत्रक आले. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जमीन होती तिथेच राहिली, माणसे तीच राहिली, फक्त क्रमांक बदलले. जुन्या नंबरचा नव्या नंबराशी मेळ घालणारे पत्रक जिथे काळजीने तयार झाले नाही, तिथे एकाचे क्षेत्र दुसऱ्याच्या उताऱ्यावर चढले. हा दाखला वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण संगणकातही नेमके हेच घडते.

संगणकात खातेदार कसा आला

सुरुवातीच्या संगणकात खातेदार हा प्रकारच नव्हता. एका वेळी एक काम, आणि यंत्रासमोर एक माणूस, अशी स्थिती होती. अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो ह्यांच्या नेतृत्वाखाली १९६१ साली एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था दाखविण्यात आली. एका घरात चार बिऱ्हाडे आली की ज्याची त्याची खोली व कुलूप लागतेच. त्याप्रमाणे प्रत्येकाची फाईल वेगळी ठेवण्यासाठी खाते आणि पासवर्ड आले.

ह्याच व्यवस्थेत साठच्या दशकाच्या मध्यास घडलेला एक प्रसंग बोधप्रद आहे. एक व्यवस्थापक सर्वांच्या पासवर्डांची यादी दुरुस्त करीत होता आणि त्याच वेळी दुसरा त्या दिवसाची सूचना लिहीत होता. दोघांचे काम एकाच खात्यावर चालले होते. दुरुस्तीचा कार्यक्रम आपली कच्ची प्रत ठराविक एकाच नावाने ठेवीत असे. एका खात्यावर एका वेळी एकच माणूस बसेल, असे तो कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी गृहीत धरले होते. परिणाम असा झाला, की दोन कच्च्या प्रतींची अदलाबदल होऊन सूचनेच्या जागी पासवर्डांची यादी आली आणि जो कोणी यंत्रापुढे बसला त्याला सर्वांचे पासवर्ड वाचावयास मिळाले. कोणाची लबाडी नव्हती. एका खात्यात दोन माणसे बसली आणि कोणती प्रत कोणाची ही नोंद राहिली नाही, एवढेच घडले.

पुढे १९६९ साली बेल लॅबोरेटरीज येथे केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनी युनिक्सचा पाया घातला. त्याची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची आहे. त्या पुस्तिकेतच प्रत्येक फाईलला मालक असतो ही कल्पना आहे आणि मालक बदलण्याची ‘चाऊन’ नावाची आज्ञाही आहे. मालकाने काय करावे आणि इतरांनी काय करावे ह्याच्या वेगवेगळ्या परवानग्या तेव्हापासून आहेत. गटाची कल्पना काही वर्षांनी आली. आपल्याकडील भाषेत सांगायचे तर फाईल म्हणजे जमिनीचा तुकडा, ‘चाऊन’ म्हणजे फेरफार, आणि परवानगी म्हणजे त्या रानात कोणी जावे, कोणी पेरावे ह्याची नोंद.

मात्र एक फरक आहे. गावच्या फेरफाराला नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. संगणकात ‘रूट’ ह्या खात्याने आज्ञा दिली की फेरफार त्याच क्षणी मंजूर! हरकत घेणारा कोणी नसतो.

यंत्र नाव ओळखीत नाही

आता ह्या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. फाईलच्या अंगावर मालकाचे नाव लिहिलेले नसते, फक्त क्रमांक असतो. कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी ‘पासवर्ड फाईल’ नावाच्या वेगळ्या वहीत असते. सातबारा आणि आठ-अ ह्यांची ही जोडीच समजावी. फाईलवर १००३ हा आकडा असेल, तर यंत्र वही उघडते, १००३ समोर जे नाव असेल ते वाचून दाखविते आणि त्याला मालक मानते. तो खरा मालक आहे की नाही ह्याची चौकशी यंत्र करीत नाही.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये ह्या क्रमांकासाठी इतकीच जागा होती, की २५६ पेक्षा जास्त खाती बसत नसत. पुढे ६५,५३६ ची सोय झाली. लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्समध्येही बरीच वर्षे हीच मर्यादा होती. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ ह्या आवृत्तीपासून ती चार अब्जांच्या वर गेली. सर्व क्रमांकांत शून्य हा क्रमांक रूटचा, आणि रूटला कोणत्याही फाईलची मनाई नाही. थोडे क्रमांक यंत्राच्या अंतर्गत सेवकांसाठी राखलेले असतात. पत्रव्यवहार पाहणारा एक सेवक, छपाई पाहणारा दुसरा, माहितीसाठा सांभाळणारा तिसरा. ही माणसे नव्हेत, पण त्यांनाही खाते दिले जाते, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या दफ्तरात हात घालू नये.

एकच यंत्र असेपर्यंत ही व्यवस्था सुरळीत चालली. १९८५ च्या सुमारास सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीची ‘नेटवर्क फाईल सिस्टिम’ प्रचारात आली आणि एका यंत्रावरची फाईल दुसऱ्या यंत्रावरून वापरता येऊ लागली. त्या देवघेवीतही नावाऐवजी क्रमांकच जात असे. एका यंत्रावर १००३ म्हणजे एक विद्यार्थिनी आणि दुसऱ्या यंत्रावर १००३ म्हणजे भलताच कोणी असेल, तर त्या दुसऱ्याला पहिलीचे सारे कागद आपले म्हणून उघडता येत. एका गावचा गट नंबर दुसऱ्या गावात चालत नाही हे आपण जाणतो. यंत्राला गाव कळत नाही.

आपोआप मांडणी आणि तिचे धोके

एक संगणक तयार करताना माणूस समोर बसतो आणि यंत्राच्या प्रश्नांची उत्तरे देतो : भाषा कोणती, खाते कोणाचे, पासवर्ड काय. पन्नास संगणक असतील तर पन्नास वेळा तीच उत्तरे देणे कंटाळ्याचे होते आणि चुकाही होतात. म्हणून नव्वदच्या दशकात उत्तरांची फाईल आधीच लिहून ठेवण्याची पद्धत रुळली. रेड हॅट लिनक्समध्ये तिला ‘किकस्टार्ट’ म्हणतात, डेबियनमध्ये ‘प्रीसीड’. जर्मनीतील कोलोन येथून सुरू झालेली ‘फाय’ ही योजनाही ह्याच कामाची. यंत्र चालू करावे, ते जाळ्यावरून उत्तरे वाचते आणि स्वतःच तयार होते.

सोय मोठी आहे. पण माणूस समोर नसला की चूक पकडणाराही नसतो, आणि एक चूक पन्नास ठिकाणी उमटते. ह्यातील चार धोके विद्यार्थ्यांनी समजून घ्यावेत.

पहिला धोका क्रमांकांचा. अनेक सेवकखात्यांना यंत्र ‘पुढचा मोकळा क्रमांक’ देते. एका यंत्रावर माहितीसाठ्याचा सेवक आधी आला तर त्याला १०५ मिळतो. दुसऱ्या यंत्रावर त्याच्या आधी आणखी एखादी सेवा बसली तर त्याला १०६ मिळतो. दोन्ही यंत्रे आपापल्या जागी बिनचूक असतात. परंतु पहिल्याची डिस्क काढून दुसऱ्याला लावली, की शाळेच्या निकालांचा साठा १०५ क्रमांकाच्या भलत्याच सेवकाच्या ताब्यात जातो आणि खऱ्या सेवकाला दार बंद होते.

दुसरा धोका रूटच्या हाताचा. आपोआप मांडणीतील सर्व कामे रूटच्या अधिकाराने होतात. त्या ओघात एखाद्या विद्यार्थ्याचे घर, म्हणजे त्याची फाईलींची जागा, तयार केली आणि फेरफार करावयाचा राहिला, तर त्या घराचा मालक रूट राहतो. विद्यार्थी बरोबर पासवर्ड देऊन आत येतो, पण स्वतःच्या घरात एक ओळ लिहू शकत नाही. नवखा विद्यार्थी मग स्वतःलाच दोष देतो. ‘सर्वांना सर्व परवानगी’ अशी आज्ञा देऊन हा प्रश्न सोडविण्याची वाईट खोड पुष्कळांना असते. कुलूप उघडत नाही म्हणून दारच काढून टाकण्यासारखे ते आहे.

तिसरा धोका पुनर्वापराचा. खाते काढून टाकले म्हणजे त्याच्या फाईली नाहीशा होत नाहीत. त्या क्रमांकासह तशाच राहतात, बेवारस जमिनीसारख्या. पुढच्या वर्षी नव्या विद्यार्थ्याला तोच क्रमांक मिळाला, की जुन्याचे सारे लेखन आपोआप त्याच्या मालकीचे होते. वारसाची नोंद नाही, दानपत्र नाही, तरी यंत्राच्या दृष्टीने मालकी पक्की!

चौथा धोका उत्तरांच्या फाईलचा. तिच्यात रूटचा पासवर्ड उघड लिहिला तर जाळ्यावरचा कोणीही तो वाचू शकतो. पासवर्ड मूळ रूपात न ठेवता त्याचे उलट न फिरविता येणारे रूप ठेवावे, ही गोष्ट रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन ह्यांनी १९७९ साली आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडली होती. ती आजही तितकीच लागू आहे.

क्रमांक बदलण्याचा आपल्या एकत्रीकरणासारखा प्रसंग लिनक्सच्या जगातही येऊन गेला. रेड हॅटच्या व्यवस्थेत सामान्य माणसांचे क्रमांक ५०० पासून सुरू होत. २०१४ साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून ते १००० पासून सुरू होऊ लागले. जुन्या यंत्रावर ५०० क्रमांकाचा खातेदार नव्या यंत्रावर १००० झाला आणि जुन्या फाईलींवर मात्र ५०० च राहिला. ज्यांनी मेळाचे पत्रक केले ते तरले. ज्यांनी केले नाही त्यांना आपल्याच फाईली परक्या झाल्या.

डोंगरापलीकडे आणि पुण्यात

हे सारे दूरदेशीचे आहे असे कोणी समजू नये. हरिश्चंद्रगडाच्या पलीकडे जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणींची जीएमआरटी ही रेडिओ वेधशाळा आहे. प्रा. गोविंद स्वरूप ह्यांच्या प्रयत्नांतून ती उभी राहिली. आकाशातून येणाऱ्या संकेतांची जुळणी करण्यासाठी तेथील शास्त्रज्ञांनी लिनक्सवर चालणाऱ्या अनेक संगणकांचा समूह तयार केला. त्याविषयीचा त्यांचा शोधनिबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. पुण्यात टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने उभारलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा आणि आशियात पहिला आला होता. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी आकडेमोडींचा होता आणि तोही लिनक्सवर चालत असे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ दिला आणि आजही ही संस्था देशभर परम मालिकेतील यंत्रे उभारीत आहे.

अशा समूहांत शेकडो संगणक एका कुटुंबासारखे काम करतात. एकेक यंत्र हाताने बसविणे तेथे अशक्य, म्हणून आपोआप मांडणी हाच मार्ग. एका संशोधकाचे काम आज ह्या यंत्रावर, उद्या त्या यंत्रावर चालते. त्याचा क्रमांक सर्वत्र एकच नसेल तर त्याने महिनोन्‌महिने केलेली आकडेमोड त्यालाच उघडता येणार नाही. म्हणून खातेदारांची यादी एका ठिकाणी ठेवून सर्व यंत्रांनी तिचाच आधार घ्यावा, हा अशा ठिकाणचा सर्वमान्य नियम आहे.

आपण काय करावे

शाळेच्या वीस-पंचवीस संगणकांच्या खोलीसाठी नियम ह्याहून वेगळे नाहीत. मांडणी सुरू करण्यापूर्वी कागदावर यादी करावी : कोणता विद्यार्थी, कोणता क्रमांक, कोणता गट. सेवकखात्यांचे क्रमांकही आधीच नेमून द्यावेत आणि उत्तरांच्या फाईलमध्ये तेच लिहावेत. यंत्राला मनाने निवडू देऊ नये. आधी खाते, मग घर, मग फाईली, आणि शेवटी फेरफार हा क्रम सोडू नये. फाईली एका यंत्रावरून दुसरीकडे नेताना दोन्हीकडची यादी ताडून पाहावी. विद्यार्थी शाळा सोडून गेला तर त्याचे खाते बंद करावे, त्याचे काम त्याला सोपवावे, पण त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नये. वर्षातून एकदा बेवारस फाईली शोधाव्यात. त्यासाठी लिनक्समध्ये एका ओळीची आज्ञा पुरते.

आणि रूटचा पासवर्ड ज्यांच्याकडे असेल त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रूटला सर्व काही करता येते, म्हणून सर्व काही त्याच्या मालकीचे होत नाही. ती अमानत आहे. रोजच्या कामासाठी त्यांनीही साधेच खाते वापरावे आणि गरजेपुरताच तो अधिकार हाती घ्यावा.

पालकांना वाटेल, की आमच्या मुलांना ह्या बारीकसारीक गोष्टींशी काय कर्तव्य? त्यांना नोकरी लागली म्हणजे झाले. वस्तुतः नोकरीच्या दृष्टीनेही हे ज्ञान मोलाचे आहे, कारण बँका, रुग्णालये, सरकारी कचेऱ्या ह्यांची यंत्रे चालविणाऱ्यांना रोज हाच हिशेब राखावा लागतो. शिवाय ते शिकण्यास मोठा खर्च नाही. लिनक्स विनामूल्य मिळते, जुन्या संगणकावरही चालते, आणि मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ योजनेतून त्याचे धडे मराठीतही ऐकावयास मिळतात.

परंतु नोकरीपलीकडेही एक कारण आहे. ज्यांच्या पूर्वजांना सावकाराची वही वाचता येत नव्हती, त्या मुलखातील आपण माणसे आहोत. आज आपला उतारा, आपले गुणपत्रक, शिष्यवृत्तीची नोंद, बँकेची शिल्लक हे सारे कोठल्या तरी यंत्रावर कोठल्या तरी क्रमांकाखाली लिहिलेले आहे. ती वही जाळून प्रश्न सुटणार नाही. ती वाचता आली पाहिजे, आणि आपल्यातील काहीजणांना ती राखताही आली पाहिजे. ह्या वर्षी आपल्या शाळेतील मुलामुलींनी एवढे जरी केले, की संगणकासमोर बसून स्वतःच्या एका फाईलचा मालक कोण आणि त्याचा क्रमांक कोणता हे स्वतः पाहिले, तरी पुढचा अभ्यास सोपा जाईल.